येथे तूर मरते

सकाळी माणसं भेटली की नमस्कार करतात, पावसापाण्याचं विचारतात. हे गृहस्थ विचारायचे, "काय, किती मेली?"

केंद्रावरचा माझा तो पहिला दिवस होता. नवीन जालन्यातल्या आमच्या घरून आईने मला कडक इस्त्रीची साडी नेसवून पाठवलं होतं. कृषी शाखेची पदवी घेतलेली पोरगी म्हणजे तेव्हा आमच्या गल्लीत बघायला येण्यासारखी गोष्ट. फाटकातून आत शिरले तर समोरून एक काळासावळा, पन्नाशीकडे झुकलेला माणूस अनवाणी येत होता. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, दोन्ही हातांत एकेक चप्पलजोड. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "काय बाई, तुमच्याकडं किती मेली?"

मी घाबरून म्हणाले, "आमच्याकडे सगळे बरे आहेत."

"तूर हो, तूर," ते म्हणाले. "माणसं मोजायला नगरपालिका हाय."

पुढची कितीतरी वर्षं मी त्यांच्या हाताखाली काम केलं. विद्यापीठाचं ते लहानसं केंद्र आता बंद झालंय. त्या जमिनीवर आता दुसरंच काही उभं आहे. त्यांचं नाव मी सांगणार नाही. ते असते तर म्हणाले असते, नाव कशाला, काम सांगा. आणि त्यांच्याशी जे वागले त्यांचीही नावं सांगणार नाही, कारण त्यांची लायकी तेवढी नाही. शेतकरी त्यांना मरवाले साहेब म्हणायचे. मीही तेच म्हणते.

मर म्हणजे तुरीचा रोग. मातीतली बुरशी मुळांतून झाडात शिरते, आणि फुला-शेंगांवर आलेलं झाड उभ्या उभ्या वाळून जातं. वर काही दिसत नाही, कीड नाही, भोक नाही. देठ उभा चिरला तर आत काळपट रेघ दिसते. एकदा ही बुरशी एखाद्या जमिनीत शिरली की वर्षानुवर्षं निघत नाही. यावर औषध शोधण्यापेक्षा मरला दाद न देणारी तूर शोधावी, हे साहेबांचं काम होतं. त्यासाठी केंद्राच्या एका कडेला त्यांनी एक तुकडा ठेवला होता. त्यात मर मुद्दाम पोसलेली होती. मेलेल्या तुरीचे देठ बारीक तोडून ते पुन्हा त्याच मातीत मिसळायचे. उन्हाळ्यात बाकीचं सगळं शेत नांगरून ढेकळं पडलेली असायची, पण या तुकड्याची माती मात्र ते पाणी देऊन, हलवून मऊ ठेवायचे. नवा वाण आला की आधी इथे पेरायचा. जगला तर पास.

"बाकी साहेबांच्या बायका सांगतात, आमचे हे पीक वाढवतात," त्यांची बायको मला एकदा म्हणाली. "आता मी काय सांगू? आमचे हे रोग वाढवतात."

त्या तुकड्याला बाभळीच्या काट्यांचं कुंपण होतं आणि रस्त्याच्या बाजूला एक पत्र्याचा फलक. त्यावर साहेबांनी स्वतःच्या हाताने लिहिलं होतं, 'येथे तूर मरते'. खाली बारीक अक्षरात, 'पाय धुतल्याशिवाय बाहेर जाऊ नये'.

हे पाय धुणं म्हणजे त्यांचा धर्मच होता. कुंपणाच्या तोंडाशी सिमेंटची बुटकी टाकी बांधली होती, तिच्यात मोरचुदाचं निळं पाणी. आधी साध्या पाण्याने चिखल-माती काढायची, मग या पाण्यात उभं राहायचं. चपला दोन. एक मरची, एक घरची. दोन्हींची कधी गाठ पडू द्यायची नाही. एकदा आमच्या हेडक्लार्कच्या मुलाच्या लग्नाला साहेब घाईत मरच्या चपला घालून आले. मांडव हेडक्लार्कच्या वावराला लागून होता. हे लक्षात आल्याबरोबर साहेब डांबरी रस्त्यावरच थांबले. नवरदेवाच्या बापाने हाताला धरून ओढलं तरी आत आले नाहीत. शेवटी तिथेच रस्त्याच्या कडेला त्यांना पत्रावळ नेऊन दिली. येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांची धूळ खात ते जेवले, वरणाची दोनदा चव घेऊन म्हणाले, "डाळ बराबर हाय, कुठली हो?" आणि आहेर देऊन गेले.

टाळ्यांचा त्यांना राग होता. भाषणात कोणी टाळी वाजवली की थांबायचे. "हात मोकळे असतील तर खाली बसा आन एक झाड उपटा," म्हणायचे. सत्काराला ते कधी उभे राहिले नाहीत. शाल अंगावर यायच्या आत उठून जायचे. त्यांना माणसात ऊठबस कळत नाही, असं केंद्रावर सगळे म्हणत. ते खरंही होतं. माझ्या हातून बियाण्याची पाकिटं अदलाबदल झाली तेव्हा त्यांनी मला मजुरांसमोर इतकं झापलं की मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी ते माझ्या टेबलाजवळ आले आणि एक वाळलेलं झाड ठेवून गेले. त्यांच्या हिशोबी ती माफी होती.

दरवर्षी हिवाळ्यात आमच्याकडे शिवारफेरी असायची. गावोगावचे शेतकरी टेम्पोने यायचे. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांतून त्यांना एकेका वाणाजवळ न्यायचं, भोंग्यातून माहिती सांगायची, दुपारी पुरी-भाजी आणि बुंदी. रस्त्याकडेच्या वाफ्यांना खत-पाणी थोडं जास्तच घातलेलं असायचं, ते सगळ्यांना माहीत होतं. मरवाले साहेबांचं मात्र उलटं. ते ट्रॉली पहिल्यांदा आपल्या मेलेल्या तुरीपाशी थांबवायचे. "आधी मढं बघा, मंग नवरी बघा," म्हणायचे. बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. पण नंतर सगळे रांगेने पाय धुवायचे. "घरात जाताना पाय धुता ना? इथून जाताना धुवा. हितली माती तुमच्या गावाला गेली तर तुमची तूर जाईल." ही गोष्ट अडाणी म्हातारीलाही एका वाक्यात कळायची.

एका वर्षी पाहुणे म्हणून एक पुढारी आले. पांढरंशुभ्र धोतर, चकचकीत काळे बूट. मागे पंधरावीस माणसांचा घोळका. साहेबांनी त्यांना मेलेली तूर दाखवली, देठ चिरून रेघ दाखवली. पुढाऱ्यांनी मान डोलावली आणि कुंपणाबाहेर निघाले. साहेब दोन्ही हात पसरून वाटेत उभे राहिले.

"बूट काढा साहेब, पाय धुवा."

आमच्या केंद्रप्रमुखांचा चेहरा उतरला. हे केंद्रप्रमुख नवे आलेले, पीएच.डी. झालेले, आणि त्यांचं सगळं लक्ष मांडव, हार आणि फोटो यांच्यावर. ते साहेबांच्या कानाशी लागले, "अहो, सोडा त्यांना."

पुढारी चिडले. "मी काय घाणीतून आलो का?"

"होय साहेब," मरवाले म्हणाले. "माझ्याच घाणीतून आले तुमी."

तेवढ्यात रांगेतली पिंपळगाव रेणुकाईची एक म्हातारी ओरडली, "धू की बाबा. आमी समद्यांनी धुतले, तुझ्या पायाला काय झालं?" लोक हसले आणि पुढाऱ्यांपुढे दुसरा मार्ग उरला नाही. त्यांनी बूट काढले. धोतराच्या काठाला निळे डाग पडले ते मात्र निघाले नसावेत, कारण त्यानंतर केंद्रप्रमुखांनी मरवाले साहेबांशी सरळ बोलणं सोडलं.

इथून पुढचं सांगताना माझा अजून संताप होतो, आणि तो लपवायची मला गरज वाटत नाही.

केंद्रप्रमुखांच्या डोक्यातून एक कल्पना निघाली. खरिपाच्या आधी, भर उन्हाळ्यात एक मोठा मेळावा घ्यायचा. आणि त्यात प्रत्येक शेतकऱ्याला केंद्राची माती द्यायची. लाल खणाची छोटी पिशवी, त्यात मूठ-दोन मुठी माती, वर हळद-कुंकू. शेतकऱ्याने ती आपल्या वावरात मिसळायची, म्हणजे विद्यापीठाचं ज्ञान त्याच्या शेतात गेलं. मी मीटिंगमध्ये होते. सगळ्यांनी वाहवा केली. मरवाले साहेब त्या मीटिंगमध्ये नव्हते. त्यांना प्रशिक्षणाच्या नावाखाली आठवडाभर बाहेरगावी पाठवलं होतं, कारण त्यांनी पाहुण्यांना पुन्हा काही बोलू नये.

ते गेल्यावर दोन गोष्टी झाल्या. मांडवाकडे जाणारा रस्ता त्यांच्या तुकड्यावरून जात होता. 'येथे तूर मरते' हा फलक पाहुण्यांच्या वाटेवर अपशकुनी दिसतो, म्हणून तो काढून गोडाऊनमध्ये टाकला. मांडवाचा टेम्पो वळावा म्हणून काट्यांचं कुंपण बाजूला ओढलं. तुरीचा हंगाम नव्हता, तुकडा मोकळा होता, आणि आता तिथे काय आहे हे सांगणारं काहीच उरलं नाही.

माती भरायला मांडववाल्याचीच माणसं लावली. त्यांना सांगितलं, ढेकळं नकोत, भुसभुशीत माती भरा. सबंध केंद्रात त्या दिवसांत भुसभुशीत माती एकाच जागी होती. त्यांनी घमेली तिथे लावली. त्यांचा काय दोष? पण त्यांच्याकडूनच मला मागाहून कळलं, केंद्रप्रमुख स्वतः तिथे जाऊन उभे राहिले, मूठभर माती हातात घेऊन म्हणाले, "व्वा, अशी पाहिजे." ज्या माणसाला ती जागा कोणती हे ठाऊक होतं, त्याने हे म्हटलं. कुंपण काढायचा हुकूम त्यांचाच होता. त्यांना आठवलं नाही की आठवूनही वाटलं नाही, हे मला आजपर्यंत कळलेलं नाही.

मेळाव्याच्या दिवशी मी फाटकाजवळ नोंदणीच्या टेबलावर होते. भोकरदन, परतूर, कुठून कुठून टेम्पो आले. साहेब प्रशिक्षणावरून सरळ एस्टीने आले आणि व्यासपीठाकडे न जाता शेतकऱ्यांत जाऊन बसले. त्यांनाही एक लाल पिशवी मिळाली. त्यांनी नाडी सोडली, माती तळहातावर घेतली, बोटांनी चोळली. तिच्यात तुरीच्या देठाचा एक बारका तुकडा होता. तो त्यांनी नखाने उभा चिरला.

मी लांबून पाहत होते. ते उठले आणि पळत त्यांच्या तुकड्याकडे गेले. पन्नाशीचा माणूस, उन्हातान्हात, चपला तिथेच टाकून. परत आले ते थेट व्यासपीठावर चढले. पाहुण्यांचं भाषण चालू होतं. साहेबांनी माईक हातात घेतला आणि म्हणाले, "पिशव्या..."

तेवढंच ऐकू आलं. केंद्रप्रमुखांनी भोंगेवाल्याला खूण केली आणि त्याने माईक बंद केला. साहेब बोलत राहिले. हात हलवत राहिले. पुढच्या दोन रांगांना काहीतरी ऐकू गेलं असेल, मागच्या सगळ्या मांडवाला फक्त एक माणूस तोंड हलवताना दिसला. मग आमच्याच ऑफिसच्या दोघांनी त्यांना दंडाला धरून खाली उतरवलं. कोणी म्हणालं दारू प्यायलेत, कोणी म्हणालं ह्यांचा सत्कार राहिला म्हणून चिडलेत. केंद्रप्रमुखांनी माईक चालू करून घेतला आणि जेवण तयार असल्याचं सांगितलं.

जेवणाच्या रांगेत साहेब एकेकाला हात जोडून पिशवी मागत होते. मी टेबल सोडून त्यांच्या मदतीला गेले. लोक नवलाने बघत.

"दिलेलं परत मागून राह्यले का तुमी?" एकाने विचारलं.

"ती माती खराब हाय, दादा. तुमच्या वावरात मर जाईल."

"हळद-कुंकू लागलं तिला," एक बाई म्हणाली आणि पिशवी पदराखाली घेतली. "आता ती माती न्हाई राह्यली. देवाची झाली."

चारदोन पिशव्या मिळाल्या. बाकीच्या टेम्पोत बसून गावोगाव गेल्या.

दुसऱ्या दिवशी केंद्रप्रमुखांच्या खोलीत आम्ही दोघं उभे होतो. आम्हाला बसायला सांगितलं नव्हतं.

"मूठभर मातीने काय होतं?" केंद्रप्रमुख म्हणाले.

"मूठभरानंच होतं," साहेब म्हणाले. "दही लावायला इरजण किती लागतं? तुमी गावोगाव इरजण धाडलं."

"हे बघा, विद्यापीठाची बेअब्रू होईल असं काही मी बाहेर जाऊ देणार नाही. माती चांगल्या वाफ्यातली होती."

"माझ्या तुकड्यात खड्डे पडलेत. चला दाखवतो."

"खड्डे मांडवाच्या खांबांचे आहेत. तुम्ही थकलात, रजेवर जा."

"पेरणीच्या आत लोकांना कळवा साहेब. एवढं करा. मंग मला काय बी करा."

केंद्रप्रमुखांनी घंटी वाजवून पुढच्या माणसाला आत बोलावलं.

साहेब रजेवर गेले. म्हणजे रजा टाकली आणि एस्टीत बसले. पेरणीच्या आत पिशव्या गोळा करायच्या, एवढंच त्यांच्या डोळ्यांपुढे होतं. कोणत्या गावची माणसं आली ते मला ठाऊक होतं, म्हणून मीही रजा काढली. घरी आई म्हणाली, "लोकांच्या दारोदार माती मागत फिरणार? लग्न व्हायचंय तुझं." मी तिच्याशी भांडून निघाले. शिवाय पिशव्या बहुतेक घरांत देव्हाऱ्यात होत्या आणि तिथपर्यंत साहेबांना कोणी जाऊ देणार नव्हतं. बायकांशी बोलायला बाई पाहिजे होती.

पहिल्या गावात आम्हाला एकही पिशवी मिळाली नाही. ओसरीवर बसून साहेबांनी बुरशीबद्दल सगळं समजावून सांगितलं, लोकांनी चहा पाजला आणि पिशवी दिली नाही. देवापुढची वस्तू रिकाम्या हाताने मागायला आलेल्याला कोण देईल? दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्या घरी गेले तर त्यांची बायको जुन्या खणांच्या लाल पिशव्या शिवत बसली होती आणि साहेब, टाळीचासुद्धा ज्यांना राग, ते खाली मांडी घालून प्रत्येक पिशवीला हळद-कुंकू लावत होते. आत गायरानातली माती, जिच्यात कधी कोणी तूर पेरली नव्हती.

"हसू नका बाई," ते म्हणाले.

मी हसत नव्हते.

मग जमायला लागलं. नवी पिशवी द्यायची, जुनी घ्यायची. जुनी लोखंडी डब्यात टाकून झाकण घट्ट लावायचं. पिंपळगाव रेणुकाईला एका बाईने आपली पिशवी थेट रेणुकेच्या देवळात नेऊन ठेवली होती. पुजारी हलायला तयार नाही. देवीला वाहिलेलं परत कसं देऊ? साहेबांचा आवाज चढायला लागला तसं मी त्यांना बाहेर पाठवलं. पुजाऱ्याला विचारलं, "काका, देवीपुढची जुनी ओटी तुम्ही किती दिवस ठेवता? आम्ही नवी ओटी आणलीय." जुनी पिशवी त्यांनी स्वतः उचलून माझ्या हातात दिली. ज्या रिवाजाच्या नावाने त्या मूर्खाने विष वाटलं, त्याच रिवाजाने आम्ही ते परत गोळा केलं. एकेक गाव निघत गेलं. सगळं गोळा झालं असं मी म्हणणार नाही, पण बरंच झालं.

आष्टी साहेबांनी शेवटी ठेवली. ते त्यांचं स्वतःचं गाव. तिथे थोरला भाऊ शेती करत होता. "तिथं काय, दादाला सांगितलं की दादा गाव गोळा करील," म्हणून ते निश्चिंत होते. भाऊ मेळाव्याला आला होता हेही त्यांना माहीत नव्हतं. आम्ही गेलो त्याच्या आठवडाभर आधी त्या भागात पाऊस पडून गेला होता आणि पेरण्या झाल्या होत्या.

भाऊ ओसरीवर बसले होते. साहेबांनी गावातल्या पिशव्यांचं विचारलं तसे त्यांचे डोळे चमकले.

"मी मागं बसल्तो," ते म्हणाले. "तुला वढून राह्यले ते दिसलं मला. काय बोलून राह्यला ते ऐकू न्हाई आलं, भोंगा बंद झाल्ता. माझ्या जिवाला लई लागलं. जेवलो न्हाई, तसाच आलो. पन म्हणलं, माणसं कशी बी असोत, माती तर आपल्या भावाच्या हापिसची हाय."

"पिशवी कुठं हाय, दादा?"

"तुमीच शिकवलं ना, गुळाच्या पाण्यात कालवून बियाण्याला जिवाणू चोळायचे? तशी चोळली. सगळ्या तुरीला. दानाबी सोडला न्हाई."

साहेब ओसरीच्या खांबाला टेकून खाली बसले. मग त्यांनी भावाला सगळं सांगितलं, अगदी हळू आवाजात. मोडून टाक, म्हणाले. भाऊ म्हणाले, मोडून दुसरं काय पेरू, बी कुठून आणू. आणि आता पाऊस आहे का? पाऊस नव्हताच. त्या पावसानंतर त्या वर्षी पाऊस जो गेला तो नावाला कधीतरी आला. दिवाळीपर्यंत विहिरींनी तळ गाठला, गावाला टँकर सुरू झाला.

हिवाळ्यात भावाची तूर फुलावर आली आणि ठिकठिकाणी मरायला लागली. गावातल्या बाकीच्यांनी पिशव्या देव्हाऱ्यात ठेवल्या होत्या, त्यांची उभी होती.

त्याच सुमारास साहेबांवर चौकशी बसली. आरोप काय, तर विद्यापीठाच्या नावाने परवानगीशिवाय माती वाटली, आणि शास्त्रज्ञ असून हळद-कुंकू लावून अंधश्रद्धा पसरवली. मी केंद्रप्रमुखांच्या टेबलासमोर जाऊन बोलले, त्यांना तोंडावर खोटारडे म्हणाले. माझी बढती त्या दिवशी गेली, जाऊ दे. साहेबांनी समितीला एवढंच सांगितलं, "आष्टीला चला. ती माती कुठं गेली आन तिनं काय केलं, डोळ्यानं बघा."

समिती आली. चार जण, चौघेही डॉक्टर, शिवाय केंद्रप्रमुख. दोन जीपगाड्या वावराच्या बांधाला लागल्या. साहेब आधीच येऊन थांबले होते, मी त्यांच्याबरोबर. त्यांना खात्री होती. जे काय व्हायचं ते शेतकऱ्याच्या एका शब्दावर होणार होतं, आणि शेतकरी सख्खा भाऊ होता.

आम्हाला माहीत नव्हतं ते एवढंच, की आदल्या दिवशी केंद्रप्रमुखांचा माणूस आष्टीला येऊन गेला होता. त्याने भावाला सांगितलं, मातीनं तूर मेली असं ठरलं तर तो तुकडा कुणाच्या ताब्यात होता? तुमच्या भावाच्या. मग नोकरी कुणाची जाईल?

समितीच्या अध्यक्षांनी वाळक्या तुरीकडे बघितलं, भावाकडे बघितलं. "काय बाबा, कशाने गेली तूर?"

भावाने साहेबांकडे एकदा पाहिलं. मग टोपी नीट केली आणि म्हणाले, "पाणी लागलं, साहेब. पाणी लई झालं औंदा."

"म्हणजे निचरा नाही," केंद्रप्रमुख लगेच म्हणाले.

"निचरा नाही," अध्यक्ष म्हणाले. बाकीच्या तिघांनी माना हलवल्या. एकाने बुटाने जमीन उकरून पाहिली. भेगा पडलेल्या त्या जमिनीतून धूळ उडाली. ती त्याने पँटवरून झटकली.

साहेब काहीतरी बोलायला पुढे झाले. भावाने त्यांचा हात धरला. घट्ट धरला. जीपगाड्या वळल्या आणि निघून गेल्या. शेतकऱ्याची कोणतीही तक्रार नाही, असा निकाल नंतर आला. साहेबांना समज देऊन सोडलं, मरचं काम त्यांच्याकडून काढून घेतलं आणि निवृत्त होईपर्यंत त्यांना गोडाऊनमध्ये बसवलं. केंद्रप्रमुख पुढे मोठ्या पदावर गेले.

पण त्या दिवशी बांधावर आम्ही तिघंच उरलो होतो. वहिनी टँकरवरून डोक्यावर घागर घेऊन आल्या, तांब्याभर पाणी आमच्यापुढे ठेवलं आणि बाकीचं जपून घरात नेलं. मला भावाचा इतका राग आला होता की मी ते पाणी घेतलं नाही. साहेब बराच वेळ त्या तांब्याकडे बघत होते.

"दादा," ते म्हणाले, "औंदा पाणी पडलं कुठं रं?"

"न्हाई पडलं," भाऊ म्हणाले. "चार साहेब व्हते. एकानं बी इचारलं न्हाई."